नयनपुरातला सत्कार

मुलांनो, एका जंगलात एक नाकतोडा होता. जंगल भलेमोठे होते, पण आपल्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही. खरे सांगायचे तर नाकतोड्याशीही फारसे नाही. तो बिचारा गवताच्या पात्यावर बसे, तेच पाते खाई आणि कुणी अंगावर आले की उडी मारी. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे एवढेच होते.

आपली गोष्ट घडते त्याच्या डाव्या डोळ्यात.

डोळ्यात कधी गोष्ट घडते का, असे कोण म्हणाले? मागच्या रांगेतून आवाज आला. घडते, बाळ. तुझ्या डोळ्याला एकच खिडकी आहे. नाकतोड्याच्या डोळ्यात खिडक्याच खिडक्या. सगळ्या षटकोनी, मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या. प्रत्येक खिडकीला भिंगाचे तावदान, आणि प्रत्येक तावदानामागे एक उंच, अरुंद मनोरा. असे पुष्कळ मनोरे मिळून एक शहर झाले होते. त्याचे नाव नयनपूर.

नयनपुरात दोन तऱ्हेची माणसे राहत. म्हणजे होत्या त्या पेशी. पण पेशी म्हटले की तुम्हाला परीक्षा आठवते आणि चेहरे पडतात, म्हणून आपण माणसेच म्हणू.

पहिली तऱ्हा द्रष्ट्यांची. द्रष्टा मनोऱ्याच्या टोकाशी बसे आणि तावदानातून बाहेर पाही. ऊन दिसले की ऊन, सावली दिसली की सावली, असा निरोप तो खाली महाराजांना धाडी. महाराज म्हणजे नाकतोड्याचा मेंदू. महाराज अंधाऱ्या तळघरात राहत. त्यांनी जन्मात स्वतः काहीही पाहिलेले नव्हते, त्यामुळे त्यांना निर्णय झटपट घेता येत.

निरोप धाडायची रीत अशी. द्रष्ट्याच्या मांडीवर गोट्यांचे टोपले असे. काही दिसले की त्याने मूठभर गोट्या पन्हळीत सोडायच्या. पन्हळीच्या खाली जासूद उभे. गोट्या डोक्यावर आदळल्या की ते महाराजांकडे पळत सुटत. द्रष्ट्यांचे काम संपले. ते पुन्हा बाहेर बघायला मोकळे.

दुसरी तऱ्हा पाठीराख्यांची. ते मनोऱ्याच्या मागच्या बाजूला, द्रष्ट्याच्या पाठीशी राहत. त्यांना काही दिसत नसे. दिसायची गरजही नव्हती, कारण त्यांना मान वर करायला सवडच नसे.

द्रष्ट्यांची प्रकृती नाजूक. नाकतोड्याने खाल्लेल्या गवताची साखर रक्तातून नयनपुरात येई, पण ती द्रष्ट्यांना तशीच्या तशी पचत नसे. मग पाठीराख्यांनी ती शिजवायची, तिची हलकी पेज करायची आणि पळीपळीने द्रष्ट्यांना पाजायची. द्रष्टे पेज पीत ती किती! पाहणे हे फार भुकेचे काम आहे, मुलांनो. नुसते बसून पाहणाऱ्याला जेवढे लागते तेवढे उड्या मारणाऱ्या पायांनाही लागत नाही.

पन्हळीखाली पडलेल्या गोट्या तशाच राहिल्या तर जुना निरोप आणि नवा निरोप यांची खिचडी होई. म्हणून पाठीराख्यांनी त्या लगेच वेचायच्या, एकेकीला पानात गुंडाळायचे आणि परत द्रष्ट्याच्या टोपल्यात नेऊन ठेवायच्या. द्रष्टे पान सोडत आणि तीच गोटी पुन्हा वापरत. टोपले कधी रिकामे कसे होत नाही, हा प्रश्न कुठल्याही द्रष्ट्याला पडलेला नव्हता.

शिवाय दोन मनोऱ्यांमध्ये काळे पडदे धरून ठेवायचे, म्हणजे शेजारचा उजेड आपल्याकडे शिरत नाही. शिवाय इतके पाहून पाहून द्रष्ट्याच्या अंगावर जी तेलकट काजळी धरते ती पुसायची आणि आपल्या घरात साठवायची, कारण नयनपुरात कचरा टाकायला दुसरी जागा नव्हती.

आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे द्रष्ट्यांना मान वळवता येत नसे. बाहेरचे सगळे जग त्यांनी पाहिले होते. पाठीमागे कोण आहे ते मात्र एकानेही कधी पाहिले नव्हते.

आता गिरजाबाईंकडे येऊ.

गिरजाबाई दिवाकरपंतांच्या मनोऱ्यातल्या पाठीराख्या. हाताने चपळ आणि तोंडानेही चपळ. पेज ढवळता ढवळता त्यांची बडबड चालू असे. आज साखर जरा कमीच आली, शेजारचा पडदा विरलाय, गोट्यांना वास येतोय. पंत बाहेर बघत "हं" म्हणत. कधी कधी "हं हं" म्हणत. गिरजाबाई त्याला संभाषण समजत.

त्यांची एक इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. एकदा, फक्त एकदा, पंतांनी आपल्याकडे तोंड करून आपले नाव घ्यावे. बस्स. तुम्ही हसू नका. एवढीशी इच्छा फार त्रास देते. मोठी असती तर त्यांनी केव्हाच सोडून दिली असती.

एके दिवशी पंत म्हणाले, "गिरजाबाई, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा की."

"तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

पंतांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना खरोखरच कुतूहल होते.

"म्हणजे असं," पंत म्हणाले, "मी इथे त्या सूर्याशी झुंजत असतो. आणि तुमची मागे आपली खुडबूड. ती जरा कमी झाली, तर मला पाहण्यात नीट लक्ष घालता येईल."

गिरजाबाईंनी पळी खाली ठेवली. पदर खोचलेला होता तो सोडला. आणि हाताची घडी घालून त्या भिंतीला टेकून बसल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या. "केली खुडबूड बंद."

"वा!" पंत म्हणाले. "किती छान वाटतंय."

छान थोडा वेळच वाटले. मग पंतांनी डोळे चोळावेत तसे केले. "ढग आले वाटतं," ते पुटपुटले. मग त्यांनी शेजारच्या मनोऱ्यातल्या उषाताईंना हाक मारली. "ताई, तुमच्याकडे पण ढग आलेत का हो?"

"छे हो, लख्ख ऊन आहे!" पडद्याआडून उषाताई म्हणाल्या. "इतकं ऊन आहे की मी आताच दोन मुठी गोट्या सोडल्या."

"मग माझ्याच वाट्याचा सूर्य बिघडलेला दिसतो. पूर्वीसारखा राहिलाच नाही तो."

यावर त्यांचे सूर्याच्या घसरत्या दर्जाविषयी थोडे बोलणे झाले. उषाताईंचेही मत तसेच पडले. पण बोलता बोलता पंतांचा आवाज बारीक होत गेला. झाड गेले. पाते गेले. मग नुसता करडा धूर राहिला आणि मग धूरही गेला.

"गिरजाबाई," पंत अगदी हळू म्हणाले, "तुम्ही आहात ना तिथे?"

तो आवाज ऐकला मात्र, गिरजाबाईंच्या हाताची घडी सुटली. त्या उठल्या, धडपडत पळी शोधली आणि पेज पंतांच्या तोंडाला लावली. एक पळी, दुसरी पळी, तिसरी. पाजता पाजता त्या रडत होत्या आणि स्वतःलाच शिव्या घालत होत्या. आपल्या रागाचे हे फळ बघून त्यांना स्वतःचीच भीती वाटली होती.

"दिसायला लागलं," पंत म्हणाले.

मुलांनो, दिवाकरपंत मूर्ख नव्हते. मूर्ख असते तर ही गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण ते विचारी होते. कुणामुळे आपल्याला दिसते, हे त्यांना त्या दिवशी कळले. आणि त्यांचे मनही मोठे होते. त्यांना फार अपराधी वाटले.

तुमच्या-माझ्या गावात अशा वेळी माणूस म्हणतो, "बाई, तुमचे फार उपकार आहेत," आणि कामाला लागतो. नयनपुरात आभार असे दोघांतल्या दोघांत उरकून घेणे हलकेपणाचे समजत. आभारासाठी आधी समिती लागे.

समिती झाली. अध्यक्ष दिवाकरपंत, सचिव उषाताई. सर्वांची बैठक आपापल्या जागी, बाहेर बघता बघता, पडद्यांतून ओरडून झाली. पंतांनी आपला अनुभव सांगितला. सगळे द्रष्टे हळहळले.

"आपण या लोकांची उपेक्षा केली," एक म्हणाला.

"घोर उपेक्षा," दुसरा म्हणाला.

"सत्कार केलाच पाहिजे," उषाताई म्हणाल्या. "आणि साधासुधा नाही. सगळ्या पाठीराख्यांना वर तावदानाखालच्या सज्ज्यात बसवू. उन्हात. आपल्यासमोर. आपण त्यांना प्रत्यक्ष पाहू. प्रत्येकाने आपापल्या पाठीराख्याविषयी दोन शब्द बोलायचे, नाव पुकारायचं आणि शाल द्यायची."

या सूचनेवर इतक्या टाळ्या पडल्या की पन्हळीत चुकून गोट्या सांडल्या आणि खाली महाराजांनी नाकतोड्याला उगाचच अर्धी उडी मारायला लावली.

पंतांनी ही बातमी गिरजाबाईंना दिली तेव्हा त्यांच्या हातून पळी सुटली.

"माझा सत्कार?"

"तुमचाच. सगळ्यांत आधी तुमचा. मी स्वतः बोलणार आहे. तुमच्याकडे बघून."

गिरजाबाईंनी पळी उचलली आणि त्या म्हणाल्या, "पण मग मागे कोण बघणार?"

"बाई, एक दिवस तरी काम बाजूला ठेवा! त्या दिवशी तुम्ही काडी हलवायची नाही. आम्ही तुमच्यासाठी करणार आहोत."

"पेज?"

"आधीच पाजून ठेवा."

"साठत नाही तुमच्या पोटात. घातली की संपली."

"कळ काढू."

"गोट्या?"

"टोपलं भरलेलंच असतं नेहमी."

"किती वेळ लागेल?" एवढेच गिरजाबाईंनी विचारले.

"अर्धा तास. फार तर."

नयनपुरातला अर्धा तास गिरजाबाईंना माहीत होता. पण त्यांच्या कानात "तुमच्याकडे बघून" हे दोन शब्द घुमत होते, आणि कानात काही घुमत असले की माणूस हिशेब चुकतो. त्या हो म्हणाल्या.

सत्काराच्या सकाळी त्यांनी हात घासघासून धुतले. पंतांच्या काजळीचा तेलकटपणा काही जाईना. मग त्यांनी हात पदराखाली झाकायचे ठरवले. पंतांना भरपूर पेज पाजली, टोपले काठोकाठ भरले, पडदा खुंटीला अडकवला आणि त्या जन्मात पहिल्यांदा सज्ज्याकडे निघाल्या.

सज्ज्यात परागाचे कण ओळीने मांडले होते. तीच आसने. मधल्या आसनावर धोंडूतात्या आधीच येऊन बसले होते. धोंडूतात्यांच्या मनोऱ्याचे तावदान मागे एका काट्याने फुटले होते आणि त्यांचा द्रष्टा तेव्हाच गेला होता. तेव्हापासून तात्यांना कुणाला पाजायचे नव्हते, काही वेचायचे नव्हते. माणूस चांगला होता. वेळेवर यायचा.

गिरजाबाई कडेला बसल्या. ऊन अंगावर पडले. त्यांना ते दिसले नाही, पण पाठीच्या कण्यापर्यंत ऊबदार वाटले. हेच ते ऊन, त्यांना वाटले, ज्याच्याशी पंत झुंजतात. चांगलेच आहे की.

कार्यक्रम सुरू झाला. आधी दीपप्रज्वलन. तावदानावरचा दवाचा थेंब उन्हात धरण्यात आला. डोळ्याच्या आत दिवा लावल्यावर जे व्हायचे तेच झाले. सगळ्या द्रष्ट्यांना बराच वेळ हिरवे-जांभळे ठिपके दिसत राहिले. मग स्वागतगीत झाले. मग स्वागतगीत म्हणणाऱ्यांचे स्वागत झाले. मग उषाताईंनी प्रास्ताविक केले. त्यात नयनपुराचा इतिहास होता, पहिल्या खिडकीपासून. अर्धा तास इथेच संपला.

मग पंत उभे राहिले. म्हणजे बसूनच, पण आवाज उभा होता.

"आज मी ज्या व्यक्तीविषयी बोलणार आहे," पंत म्हणाले, "त्या व्यक्तीविषयी बोलण्यापूर्वी थोडं माझ्याविषयी."

गिरजाबाईंनी मान खाली घातली. पंतांचा आवाज आज पहिल्यांदाच त्यांना समोरून ऐकू येत होता. किती वेगळा वाटत होता! पाठीमागून ऐकताना त्यात भिंतीचा घुमारा असे. समोरून तो थेट अंगावर येत होता. त्यांना लाज वाटली आणि आनंद झाला, आणि दोन्ही एकदमच झाले.

पंत बोलत होते. आपण पहिले ऊन कसे पाहिले. आपली पहिली गोटी. एकदा पाऊस तावदानावर आपटत असताना आपण जागा कशी सोडली नाही. भाषण सुंदर होते. अधूनमधून "आणि या सगळ्यात माझ्या पाठीशी कोण होतं?" असा प्रश्न येई. गिरजाबाई सरसावून बसत. पण प्रश्न नुसताच येई, उत्तर पुढच्या आठवणीनंतर येणार असे.

एवढ्यात गिरजाबाईंच्या कानाला काहीतरी खटकले.

खाली पन्हळीत गोट्या पडण्याचा आवाज. तो रोज सरीसारखा येतो. आज तो थांबून थांबून येत होता. आणि पडलेल्या गोट्या कुणी उचलत नसल्यामुळे त्यांचा ढीग झाला होता. जासूद त्यांच्यावरून घसरून आपटत होते. महाराजांकडे एकाच वेळी ऊनही पोचत होते आणि सावलीही, आणि बहुधा परवाचा पाऊसही. "नक्की काय आहे वर?" असे महाराज ओरडत होते, ते सज्ज्यापर्यंत ऐकू येत होते.

"कार्यक्रमात व्यत्यय नको," उषाताई दबक्या आवाजात खाली म्हणाल्या.

मुलांनो, आता तुम्ही जरा बाहेर बघा, कारण नयनपुरात बाहेर बघणारे संपत चालले होते. समोरच्या बाभळीवर एक कोतवाल पक्षी येऊन बसला होता. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा. त्याने नाकतोडा पाहिला. नाकतोड्याच्या डाव्या बाजूला तो होता. एरवी त्याने पंख नुसता सैल केला असता, तरी नयनपुरातून "सावली! सावली!" झाले असते. आज त्याने शेपटी हलवली, मान तिरपी केली, एक फांदी खाली उतरला. काहीच झाले नाही. कोतवालाला आश्चर्य वाटले. इतका निवांत नाकतोडा त्याने पाहिला नव्हता.

गिरजाबाईंना कोतवालाचे काहीच माहीत नव्हते. त्यांचे लक्ष पंतांच्या आवाजाकडे होते.

"आणि आता," पंत म्हणत होते, "आता मी त्या व्यक्तीकडे वळतो. तिच्याकडे बघतो. जरा... हे ढग... तर मी काय म्हणत होतो?"

आवाज बारीक झाला होता. त्या दिवशी झाला होता तसाच.

उठावे, गिरजाबाईंना वाटले. पण नाव आता येणारच होते. पुढच्या वाक्यात. ते वाक्य झाले, नाव आले नाही. मग त्याच्या पुढच्या वाक्यात असणार. एवढे ऐकू, शाल घेऊ आणि पळत सुटू. इतके दिवस थांबलो, एका वाक्याने काय होते?

"ती व्यक्ती," पंत म्हणाले, "जिने कधी... कधी कसलीही..."

बोला हो, गिरजाबाई मनातल्या मनात किंचाळल्या. नुसतं नाव घ्या! तीन अक्षरं आहेत, पंत! भाषण नंतर करा!

त्यांना पंतांचा असा राग आला की वाटले, जाऊ दे, होऊ दे काय व्हायचे ते. आपण कायम का म्हणून उठायचे? आणि त्याच वेळी त्यांचे हात पदराखाली पळी शोधत होते. हात मेले ऐकत नव्हते.

"जिने..." पंत म्हणाले, आणि थांबले. "इथे कुणी आहे ना?"

गिरजाबाई उठल्या.

"कोण उठलं?" उषाताईंना चाहूल लागली. दिसत त्यांनाही नव्हते. "बसा, बसा! भाषण चालू असताना सत्कारमूर्तींनी उठायचं नसतं! वक्त्याचा अपमान होतो!"

गिरजाबाई धावत सुटल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ते दुःखाचे होते की संतापाचे, हे विचारायला थांबणार कोण? त्यांची पावले ऐकून शेजारची पाठीराखी उठली. मग तिच्या पलीकडचा. सगळ्यांचाच जीव इतका वेळ खालीवर होत होता. पहिले कोण उठते याचीच वाट होती. बघता बघता सज्जा रिकामा झाला. एकटे धोंडूतात्या मध्ये बसून राहिले. त्यांना डुलकी लागली होती.

गिरजाबाईंनी पळी पेजेत बुडवली आणि पंतांच्या तोंडाला लावली. भाषण चालू असतानाच. पंत गिळायला थांबले. बाकीच्या द्रष्ट्यांना वाटले, वक्त्यांना गहिवरून आले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसरी पळी. मग त्या खाली धावल्या, ओंजळीने गोट्या उचलल्या, पाने गुंडाळली न गुंडाळली अशा टोपल्यात ओतल्या. तिसरी पळी. पडदा खुंटीवरून ओढून नीट धरला. चौथी पळी.

पंतांना करडा धूर दिसला. मग धुराला कडा आल्या. मग रिकामी आसने दिसली. पंतांचे मन दुखावले. इतक्या मेहनतीने भाषण केले आणि श्रोते पळून गेले! ते तसे बोलणारही होते. पण रिकाम्या आसनांच्या मागे, तावदानाच्या बाहेर, काहीतरी काळे होते. ते मोठे होत होते. त्याच्या मध्यभागी एक उघडी चोच होती.

पंतांना विचार करायला वेळ मिळाला नाही, म्हणून सगळे नीट झाले. त्यांच्या हातून गोट्या सुटल्या. उषाताईंच्या हातून सुटल्या. सगळ्या मनोऱ्यांतून सरच्या सर खाली कोसळली. सावली! सावली! सावली! जासूद पळाले. महाराज ओरडले, "उडी!"

नाकतोड्याने उडी मारली. कोतवालाची चोच गवताच्या पात्यावर मिटली. त्याने पाते थुंकून टाकले आणि तो बाभळीवर जाऊन स्वतःशीच चिडत बसला.

नाकतोडा पलीकडच्या झुडपात उतरला, तेव्हा नयनपुरात एकच जल्लोष झाला. द्रष्टे एकमेकांचे अभिनंदन करत होते. काय ती नजर! काय ती दक्षता! पंतांनी सर्वांत आधी चोच पाहिली, हे उषाताईंनी जाहीर केले. पंत म्हणाले, आपण सारेच पाहणारे आहोत. मग समितीच्या लक्षात आले की कार्यक्रम अर्धवट राहिला आहे.

"पण सत्कारमूर्ती कुठे आहेत?" एकाने विचारले.

"निघून गेले," पंत खेदाने म्हणाले. "मी बोलत असताना."

"ज्यांना सत्काराची किंमत नाही, त्यांना सत्कार तरी कशाला?" उषाताई म्हणाल्या. "पण शाली आणल्या आहेत. आणि एक गृहस्थ अजूनही बसलेले दिसताहेत."

सगळ्यांनी धोंडूतात्यांकडे पाहिले. एवढा गोंधळ झाला, उडी झाली, सगळे शहर उलटेपालटे झाले, तरी हा माणूस जागेवरून हलला नव्हता. केवढी निष्ठा! तात्यांना जागे करण्यात आले. त्यांच्या खांद्यावर शाल घालण्यात आली. मग उरलेल्या शालीही घालण्यात आल्या, कारण परत कुणाला द्यायच्या?

"दोन शब्द बोला," उषाताई म्हणाल्या.

"मी काय बोलू," शालींच्या आतून धोंडूतात्या म्हणाले. "मी तर काहीच केलं नाही."

या विनयाने सगळे भारावून गेले. इतक्या टाळ्या नयनपुरात पूर्वी कधी पडल्या नव्हत्या.

शेवटी सचिवांनी रीतीप्रमाणे गैरहजर असलेल्यांची नावे पुकारली. पहिलेच नाव आले.

"गिरजाबाई. अनुपस्थित."

मनोऱ्याच्या मागच्या बाजूला गिरजाबाई गुडघ्यावर बसून गोट्या वेचत होत्या. ते ऐकून त्यांचा हात थांबला. नाव घेतले गेले होते. सगळ्यांसमोर, मोठ्याने, अगदी स्पष्ट. त्यांना हसू आले आणि हुंदका आला. मग टोपले रिकामे होत आल्याचा आवाज आला आणि त्यांनी हात पुन्हा चालू केला.

कार्यक्रम संपला. संध्याकाळ उतरू लागली. पंत बाहेर बघत होते.

"गिरजाबाई," ते म्हणाले.

"हं," गिरजाबाई म्हणाल्या.

"तुम्ही थांबायला हवं होतं हो. तुमच्याविषयी मी इतकं छान बोललो."

गिरजाबाईंनी पेज ढवळली. चांगली बराच वेळ ढवळली. मग पळी भरून पंतांच्या तोंडाशी नेली आणि म्हणाल्या, "तोंड उघडा."

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी आपला सत्कार व्हावा असे ज्याला वाटत असेल, त्याने आपल्यावाचून कुणाचे काहीही अडणार नाही याची काळजी लहानपणापासूनच घ्यावी.